अध्यक्षांच्या फेट्यावर हरकत

मी दारातून आत पाऊल टाकताच मार्शलचे काम करणाऱ्या विद्यार्थ्याने खणखणीत ललकारी दिली, दोन्ही बाजूंचे सदस्य एकाच वेळी उभे राहिले, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या छातीत असा ठोका पडला की हे सभागृह मुलांच्या स्पर्धेचे आहे, खरे नव्हे, याचा क्षणभर विसरच पडला. उजव्या बाजूस नमस्कार केला, डाव्या बाजूस नमस्कार केला आणि पायऱ्या चढून उंच आसनावर बसलो. समोर मेजावर घंटा होती. ती जागच्या जागी आहे ना, हे मी हाताने चाचपून पाहिले.

सांगलीत, माधवनगरच्या वाटेवरील एका शिक्षणसंस्थेत युवा संसदेची अंतिम फेरी भरली होती. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून निवडलेली मुलेमुली सत्ताधारी आणि विरोधी बाकांवर बसली होती, आणि त्यांतून एकाच वक्त्याला दिल्लीच्या युवा संसदेत बोलावयास पाठवायचे होते. मी इस्लामपुरात उभे आयुष्य संस्कृत शिकविले. वेळ संपली की कोणाचीही भीड न धरता मी वक्त्याला थांबवितो, एवढ्याच कीर्तीवर मला हे अध्यक्षपद मिळाले होते.

त्या दिवशीचे विधेयकही मोठे रंगतदार निवडले होते. ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत कोणत्याही निर्वाचित सभागृहात सदस्याने पक्षाचे चिन्ह, बिल्ला, उपरणे अथवा टोपी धारण करू नये, तसा कायदाच करावा, असा सत्ताधारी बाजूचा प्रस्ताव होता. विरोधकांनी तो खोडून काढायचा. विशेष म्हणजे स्पर्धेच्या स्वतःच्या नियमांतही तेच कलम होते: चिन्ह धारण करून सभागृहात बसलेला स्पर्धक अपात्र ठरेल.

सत्ताधारी बाजूचा नेता साईराज. उंच, गोरापान, आवाज घडविलेला. संस्थेचे चालक लालासाहेब हे त्याचे सख्खे काका. विरोधी बाजूची नेत्री दीपमाला, इस्लामपूरजवळच्या खेड्यातली. तिला मी त्या सकाळपूर्वी पाहिलेही नव्हते. पण तिच्या आजीआजोबांची गाठ दारातच पडली. आजोबा आण्णा सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी ताठ उभे राहून "जय भीम, गुरुजी" म्हटले. आजी बनाबाईंनी मात्र सरळ कामाचे विचारले.

"गुरुजी, तुमीच निवडनार व्हय दिल्लीला कोन जायाचं ते?"

"नाही बाई. निवड निरीक्षक करतील. मी फक्त सभा चालवणार."

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर आयकून ठेवा. पोरगी महिनाभर म्हशीम्होरं हुबी ऱ्हाऊन भाशन करतीया. आता 'अध्यक्ष म्होदय' म्हनलं की म्हस बी कान टवकारती."

"आगं, गप की!" आण्णा कळवळून म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच पुढे बोलले, "गुरुजी, आमच्या घरातनं तीन पिढ्या फौजेत गेल्या. बंदूक घिऊन समदीकडं फिरलो. पर दिल्लीत हुबं ऱ्हाऊन बोलायला आजवर कोन गेलं न्हाई. हिनं बारावीपास्नं तेच धरलंय डोक्यात."

इतक्यात संस्थेचे कार्यालय सांभाळणारे बाळासो लगबगीने आले. "गुरुजी, चला चला, फेटे बांधायचेत. लालासायबांचा हुकूम हाय, एकबी डोकं मोकळं दिसता कामा न्हाई."

आमच्याकडे मान देणे म्हणजे फेटा बांधणे. आणि बांधलेला फेटा कार्यक्रम संपेपर्यंत उतरवायचा नसतो. मध्येच उतरविला तर तो बांधणाऱ्याचा अपमान समजतात. बाळासोंनी गुलाबी फेट्यांचे कोरे करकरीत गठ्ठे सोडले. फेटा बांधणारा माणूस मोठा तरबेज होता. एकेका मस्तकाभोवती पीळ घालून तुरा काढी आणि शेमला, म्हणजे फेट्याचे लांब टोक, पाठीवर मोकळा सोडी. माझा फेटा लालासाहेबांनी स्वतः हात लावून पुरा केला. दीपमालेची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "काका, मागं माझी वेणी आहे, गुंतेल. शेमला पुढं घ्याल का?" त्याने तो तिच्या डाव्या खांद्यावरून पुढे घेतला, टोक आत दुमडले आणि टाचणी लावली.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्या महिन्यात आमच्या भागात साखर कारखान्याची निवडणूक होती, आणि एका पॅनेलचे प्रमुख होते लालासाहेब. त्यांच्या पॅनेलला चिन्ह मिळाले होते कपबशी. इस्लामपूर ते सांगली रस्त्यावर कपबशी, उसाच्या ट्रॉलीवर कपबशी, किराणा दुकानाच्या पत्र्यावर कपबशी. एका गावी तर मंदिराच्या पायरीवर कोणी रांगोळीतच ती काढली होती. डोळ्यांना तिची इतकी सवय झाली होती की पुढे पुढे ती दिसेनाशीच झाली.

कामकाज सुरू झाले आणि मी बाकी सारे विसरलो. काय ती मुले! एकेक जण उठे, "अध्यक्ष महोदय" म्हणे आणि मुद्द्याला मुद्दा भिडवी. शिरवळच्या एका मुलाने बिल्ल्यांची अशी टिंगल केली की गंभीर चेहऱ्याच्या निरीक्षक विजयमालाबाईंनीही रुमाल तोंडाला लावला. त्या साताऱ्याच्या निवृत्त प्राचार्या. निवड त्यांच्याच हाती होती.

मग साईराज उठला.

"अध्यक्ष महोदय, मंदिरात जाताना आपण पादत्राणे बाहेर ठेवतो. सभागृहाच्या दाराशी सदस्याने आपल्या पक्षाचे चिन्ह ठेवून आत यावे, एवढेच आम्ही मागतो. येथे बसतो तो जनतेचा प्रतिनिधी. त्याच्या अंगावर कोणाची मालकी दिसता कामा नये!"

सत्ताधारी बाके दणाणली. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेतून लालासाहेबांनी सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजविल्या. मी घंटा वाजवून शांतता केली, पण खरे सांगायचे तर भाषण उत्तमच झाले होते. विजयमालाबाई मान हलवीत होत्या. वरच्या सज्जातून बनाबाई कुजबुजल्या, ती कुजबूज साऱ्या सभागृहाने ऐकली. "ह्यो पोरगा लय ग्वाड बोलतोय की वं. आता आपलीचं कसं?"

"विरोधी पक्षनेत्या," मी पुकारले. "आपली वेळ सुरू होत आहे."

दीपमाला उभी राहिली. तिने मान लववून आसनाला नमस्कार केला आणि सुरुवातच अशी केली की सभागृह पुढे सरसावून बसले. "अध्यक्ष महोदय, सभागृहनेत्यांनी सांगितलेल्या मंदिराची पायरी चढायलासुद्धा ज्यांच्या आजोबांना बंदी होती, त्यांच्यातली मी एक आहे. म्हणून दाराशी काय ठेवायचे आणि काय आत न्यायचे, हे कोणी ठरवायचे, असा प्रश्न मला आधी पडतो."

विरोधी बाकांवरून "ऐका, ऐका!" असा पुकारा झाला. तिचा हात वर गेला, खांद्यावरची टाचणी निसटली आणि दुमडलेला शेमला उलगडून तिच्या छातीवर पसरला. तो मागे सारण्यासाठी तिने तो धरला, त्याच्याकडे पाहिले आणि ती बोलायची थांबली.

मी वरून पाहत होतो. तिची दृष्टी शेमल्यावर खिळली होती. मग तिने हळूहळू मान वर करून समोरच्या साईराजकडे पाहिले. तो शेजाऱ्याशी बोलण्यास वळला होता, त्याची पाठ तिला दिसत होती. तेथून तिची नजर पायऱ्यांवरून चढत माझ्यापर्यंत आली. भाषण विसरलेल्या माणसाची ती नजर नव्हती. ते टोक तिने मुठीत घट्ट धरले होते. मूठ मागे नेऊन ते वेणीखाली सोडून दिले असते, तर कोणाला काही कळले नसते.

घड्याळ चालले होते. सज्जातून आण्णांचा कापरा आवाज आला, "बोल पोरी, बोल!"

"अध्यक्ष महोदय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम वर चढला, "हरकतीचा मुद्दा!"

"आपल्याच भाषणात?" मी चकित होऊन विचारले. "कोणाविरुद्ध?"

"आधी माझ्याविरुद्ध." तिने मूठ उघडली आणि शेमला दोन्ही हातांनी ताणून साऱ्या सभागृहाला दाखविला. गुलाबी कापडावर गडद गुलाबी रंगात, तळहाताएवढी, कपबशी. "मी एका पॅनेलचे निवडणूक-चिन्ह धारण करून या सभागृहात बसले आहे. नियमाने मी अपात्र ठरते. दुसरी हरकत सभागृहनेत्यांविरुद्ध, त्यांच्या पाठीवरही तेच आहे. आणि तिसरी…" ती थबकली. "तिसरी हरकत आसनाविरुद्ध आहे, महोदय. क्षमा असावी. आपलाही फेटा त्याच गठ्ठ्यातला, त्यालाही कपबशी असणार."

मग जे झाले ते कोणत्याही संसदेने पाहिले नसेल! सारे सदस्य उठले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची पाठ पाहू लागला. कोणी स्वतःचा शेमला पकडायला स्वतःभोवतीच गिरक्या घेऊ लागले. अभिरूप संसदेची शुद्ध भाषा कुठल्या कुठे उडाली.

"आरं, तुज्या बी मागं हाय की!"

"माज्या? न्हाई गड्या!"

"हाय रं, बशीसकट हाय!"

"अर्थमंत्री, तुमची कपबशी उलटी लोंबतीया!"

मी हात मागे नेऊन शेमला पुढे ओढला. होती. इतका वेळ माझ्या पाठीवर ती मुकाट्याने बसली होती. मला बाळासोंचे ते गठ्ठे आठवले आणि उलगडा झाला. दोनच दिवसांपूर्वी लालासाहेबांच्या पॅनेलची मोठी सभा झाली होती. उरलेले फेटे नवे आहेत, गुलाबी आहेत, पाहुण्यांचा मान होईल, असा भल्या बाळासोंनी विचार केला असणार. टोकाला काय छापले आहे हे त्यांनी पाहिले नसेल असे नाही. पाहिले असेल, पण कपबशी म्हणजे काही वेगळे पाहण्यासारखे असते हेच त्या महिन्यात आमच्यापैकी कोणाला सुचत नव्हते.

मी घंटा वाजवीत सुटलो. सभागृह कसेबसे खाली बसले. साईराज मात्र उभाच होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, पण बुद्धी जागेवर होती.

"अध्यक्ष महोदय, माझाही हरकतीचा मुद्दा! सन्माननीय विरोधी पक्षनेत्यांनी स्वमुखाने कबुली दिली आहे. बाकीच्यांच्या बाबतीत अद्याप निर्णय व्हायचा आहे. त्यांच्या बाबतीत निर्णयाची गरजच उरत नाही. त्यांना अपात्र घोषित करून पुढील वक्त्याला पुकारावे."

विरोधी बाकांवरून धिक्काराचा गजर झाला. दीपमाला शांतपणे म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे, महोदय. मला मान्य आहे. पण घड्याळ चालू आहे, आणि निर्णय होईपर्यंत बोलायचा अधिकार माझ्याकडे आहे."

आता साऱ्यांचे डोळे माझ्याकडे लागले. आमच्या गुरूंनी लावलेली सवय कामी आली: निर्णय देण्यापूर्वी प्रश्न आधी मनाशी नीट मांडावा. नियमाचा हेतू काय? सदस्याची निष्ठा विकत घेतलेली दिसू नये. जे कृत्य आपण केले हेच ज्याला ठाऊक नव्हते, त्याला त्याबद्दल दोषी कसे धरावे? आणि ठाऊक झाल्यानंतरही जो ते अंगावर बाळगील, त्याला निर्दोष कसे म्हणावे?

"ऐका," मी म्हणालो. "हरकत ग्राह्य आहे. आतापर्यंत जे अजाणतेपणी घडले, त्याबद्दल आसन कोणालाही बाहेर काढणार नाही. विरोधी पक्षनेत्यांनाही नाही. स्पर्धेतील पात्रतेचा प्रश्न निरीक्षकांचा आहे, तो त्यांनी पाहावा. मात्र या क्षणापासून हे चिन्ह ज्याच्या अंगावर राहील, तो या सभागृहात राहणार नाही. आणि याचा आरंभ आसनापासून होईल."

मी दोन्ही हात फेट्याला लावले. तोच पहिल्या रांगेत लालासाहेब उभे राहिले. एवढा वजनदार माणूस, पण त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"गुरुजी! आवं, तो फेटा मी बांधलाय माज्या हातानं. मान हाय तो तुमचा. साऱ्या लोकांदेखत उतरवताय?"

पंचवीस वर्षांची आमची ओळख. माझ्या मुलीच्या लग्नात ते घरच्यासारखे राबले होते. माझे हात क्षणभर थांबले. समोर ती मुलगी शेमला हातात धरून उभी होती, आणि तिची वेळ माझ्या संकोचापायी वाया जात होती.

"लालासाहेब," मी म्हणालो, "कामकाज सुरू असताना प्रेक्षकांनी बोलायचे नसते. कृपया खाली बसावे."

लालासाहेबांना आजवर सांगलीत कोणी खाली बसा म्हटले नसावे. ते सावकाश खाली बसले. मी फेटा उतरविला, कपाळाला लावला आणि मार्शलच्या हाती दिला. दीपमालेने आपला फेटा उतरविला. पाठोपाठ विरोधी बाकांवरचे फेटे उतरले. सत्ताधारी बाके साईराजकडे पाहत होती, आणि साईराज काकांकडे पाहत होता. काकांची मान खाली होती. अखेर साईराजने एका झटक्यात फेटा काढला आणि बाकावर ठेवला. त्याचे केस घामाने चिकटले होते. मग उरलेले सारे गुलाबी रंग भराभर मावळले, आणि प्रथमच मला त्या मुलांची कपाळे दिसली.

"विरोधी पक्षनेत्या, आपला अर्धाअधिक वेळ यात गेला आहे," मी म्हणालो. "तो परत देता येत नाही."

"नको, महोदय. उरलेला पुरेल." तिने लिहून आणलेले भाषण टेबलावर पालथे ठेवले. "मी विधेयकाला विरोध करायला उभी राहिले होते आणि अजूनही विरोधच करते. आता तर जास्तच. चिन्ह लावू नका हा नियम आज सकाळीही होता, महोदय. तो आम्हा सर्वांना पाठ होता. तरीही आम्ही सारे कपबशीखाली बसलो, आणि त्याच कपबशीखाली बसून चिन्हे नकोत म्हणून टाळ्या वाजवल्या! जो सदस्य छातीवर उघड बिल्ला लावतो, त्याला मी विचारू शकते, बाबा, तू कोणाचा? तो मला उत्तर देईल, भांडेल, पण मला तो दिसतो तरी. मला भीती वाटते ती दुसऱ्याने मान म्हणून पाठीवर सोडलेल्या चिन्हाची. ते ज्याचे त्याला दिसत नाही आणि पाहणाऱ्याला खटकत नाही. तुम्ही छातीवरची चिन्हे काढाल, महोदय, आणि साऱ्या देशाला पाठीवरची वागवायला लावाल. म्हणून उघड लावू द्या. आणि विचारू द्या!"

तिचे शेवटचे अक्षर आणि वेळ संपल्याची खूण यांत श्वासाचेही अंतर नव्हते. घंटा वाजविण्याची गरजच पडली नाही. बाके कोणाची आहेत हे विसरून दोन्हीकडची मुले ती बडवीत होती.

मतदान मात्र मतदानासारखेच झाले. सत्ताधारी संख्येने अधिक होते. "होयचे बहुमत. विधेयक संमत," असे मी जाहीर केले. दीपमालेने ते शांतपणे ऐकले. तिचे डोळे निरीक्षकांकडे लागले होते. विजयमालाबाई नियम पुन्हा पुन्हा वाचीत होत्या, बाजूच्या सहकाऱ्याशी बोलत होत्या, मान हलवीत होत्या. सज्जात बनाबाई आण्णांना कोपराने ढोसत होत्या. "आवं, ती बाई मान हलवतीया. हो म्हनतीया का न्हाई म्हनतीया?"

"मला काय ठावं? फौजेत असलं शिकवत न्हाईत."

विजयमालाबाई उठल्या. ध्वनिक्षेपक त्यांनी बाजूला सारला.

"नियमाप्रमाणे अपात्र ठरवायचे झाले तर आज येथे एकही स्पर्धक पात्र उरत नाही, आणि अध्यक्षही उरत नाहीत," त्या म्हणाल्या. हशा पिकला, पण त्या हसल्या नाहीत. "म्हणून आम्ही पाहिले ते एवढेच, की नियम मोडला आहे हे कळल्यावर कोणी काय केले. सभागृहनेत्यांचे भाषण आजच्या दिवसातील सर्वांत घोटीव भाषण होते, हे मी मोकळेपणाने सांगते. परंतु संसद ही केवळ बोलण्याची जागा नाही. आपल्या अपात्रतेची जोखीम घेऊन जिने सभागृहाला त्याचाच नियम दाखवून दिला, तिला आम्ही दिल्लीला पाठवीत आहोत. दीपमाला."

त्यानंतरचा गलका मी थांबविला नाही. माझ्याकडून ते होण्यासारखेही नव्हते, कारण मी स्वतःच उभा राहून टाळ्या वाजवीत होतो. आण्णा सज्जाच्या कठड्याशी ताठ उभे राहून सलाम करीत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. बनाबाई केव्हाच जिना उतरून खाली आल्या होत्या. त्यांनी नातीला कवटाळले आणि तिच्या पाठीवर दणादण थापा मारल्या.

साईराज गर्दीतून वाट काढीत आला. "दीपमाला, मी तुला बाहेर काढायला बघत होतो. खरंच बघत होतो."

"कळलं की मला," ती म्हणाली. "पण मुद्दा तुझा बिनतोड होता. मी तर म्हटलं, गेली दिल्ली."

"मग दिल्लीत माझ्या मुद्द्यावर उत्तर शोधून ठेव. पुढच्या वर्षी परत गाठ आहे."

तेवढ्यात मुले बाजूला झाली. लालासाहेब येत होते. बाळासो त्यांच्या मागे मान घालून, उतरविलेल्या फेट्यांचा डोंगर छातीशी धरून उभे होते. लालासाहेबांनी आधी माझ्याकडे पाहिले. मी नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले. मग ते त्या मुलीकडे वळले.

"पोरी, माज्या सभागृहात, माज्या लोकांत, माजीच कपबशी फोडलीस."

दीपमाला मागे सरली नाही. "फोडली नाही, काका. फक्त दाखवली."

लालासाहेबांनी बाळासोंच्या हातातल्या फेट्यांच्या ढिगाकडे पाहिले. "माज्या पॅनेलात अशी एकतरी पायजे हुती," ते म्हणाले. "ईस माणसं हायती. एकाच्यात बी दम न्हाई, मला हरकत घ्यायचा."

"आवं लालासायेब," बनाबाई मध्येच म्हणाल्या, "तुमी त्यास्नी फेटं बांधलं असतील न्हवं?"

साऱ्या मुलांनी हसू दाबण्याचा प्रयत्न केला आणि कोणालाही तो जमला नाही. सर्वांत आधी साईराज फुटला. आणि मग, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, लालासाहेबही पोट धरून हसू लागले.